क्रमांक तीनची गाठ

पाण्याचा घोट गिळला की माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचा एक उंचवटा किंचित वर सरकतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. अर्धं बोट वर, अर्धं बोट खाली. आरशासमोर उभी राहून मी हे सात आठवडे रोज सकाळी तपासलं. गिळण्याबरोबर हलते म्हणजे गाठ बहुधा थायरॉइडची, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. उरलेले अठ्ठेचाळीस दिवस मी नुसतंच पाणी प्यायले!

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींची काच मी स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बघायला नको होती. केंद्रकं एकमेकांवर चढलेली, रांग मोडलेल्या गर्दीसारखी. सर्जन म्हणाले, "लवकर काढून टाकू. तारीख तुम्ही सांगा." मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." घरी मी कोणालाही काहीही विचारलं नाही.

आणि हे घर कोणतं? तर जिथे कोणी आजारी पडत नाही, कारण मी पडू देत नाही!

स्वयंपाकघरात मी एक पांढरा फळा लावलाय. श्वसनसंस्था : दहा मिनिटं दीर्घ श्वास. पचनसंस्था : प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणे. मज्जासंस्था : साडेदहाला दिवे बंद. असे दहा रकाने. अंतःस्रावी ग्रंथींना मात्र रकाना नाही. जागा उरली नाही, असं मी सांगते.

पूर्वी फळ्यावर प्रत्येकाची नावं आणि मापंही असत. मग एकदा सासूबाईंनी वन्संचं वजन शेजारणीला सांगितलं. वन्सं, म्हणजे माझी नणंद, शिवणकाम करतात. त्यांनी हातातली कात्री टेबलावर आपटून विचारलं, "वहिनी, मी माणूस आहे की पोतं?" तेव्हापासून मी लॅबची पद्धत घरात आणली. नावं काढली, आकडे दिले. एक ते चार. तेही दर महिन्याला चिठ्ठ्या उचलून बदलायचे. कोणता आकडा कोणाचा, हे फक्त मला ठाऊक. खुद्द त्या माणसालाही नाही! मापं एका वहीत, वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. पक्षपाताला वावच नाही. मला या व्यवस्थेचा फार अभिमान होता.

नोंद न केलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून एका पानावर तारीख घालून मी लिहिलं होतं : "क्रमांक ३. गाठ, डावी बाजू, १८ मिलिमीटर. पेशी संशयास्पद. शस्त्रक्रिया लवकर." दर महिन्याला तेवढी ओळ नव्या आकड्यावर उतरवायला माझा हात धजला नाही, म्हणून पुढच्या चिठ्ठ्यांत मी लबाडी केली आणि तीन स्वतःकडेच ठेवला. विज्ञानाशी मी केलेली ही एकमेव बेइमानी.

मग एका सोमवारी लॅबमधलं यंत्र बंद पडलं, सकाळी सातला फोन आला आणि मी तशीच पळाले. वही जेवणाच्या टेबलावर राहिली. उघडी.

संध्याकाळी परत आले तर घरात भयंकर गोडवा!

"ये, बस, दमली असशील," वन्सं म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा! माझा नवरा खाली बसून सासूबाईंचे पाय चेपत होता. सासूबाई डोळे फोडून स्वेटर विणत होत्या. तो दोन हिवाळे अर्धवट पडला होता.

मी वहीचं पान पाहिलं. त्यावर अंगठ्याचे तीन ठसे होते. एक खोबरेल तेलाचा : सासूबाई. एक खडूचा : वन्सं. एक करड्या भुकटीचा : नवरा, तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिघांनी वाचलं होतं आणि तिघंही मूग गिळून बसले होते.

आता मी बोलायला हवं होतं. एक वाक्य! त्याऐवजी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सर्वांच्या सर्व संस्था उत्तम."

नवऱ्याने ते वाचलं आणि तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडला. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"एवढं वाईट आहे?" बाहेर येऊन त्याने हळूच विचारलं. "आईला कळू देऊ नकोस."

"अहो, आईंना काहीही झालेलं नाही."

"हो हो," तो डोळे पुसत म्हणाला, "असंच म्हणत राहायचं!"

वन्संनी बुधवारी मला खोलीत ओढलं, दार लावलं आणि पाय पुढे केला. "खरं सांग, वहिनी. डावीकडे आहे. कडक आहे. हलतही नाही."

"वन्सं, तो घोटा आहे."

"आणि उजवीकडचा?"

"तोही घोटाच."

"पण डावा मोठा आहे!" त्या मुसमुसायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "शिवणयंत्र तू घे. तुझी शिवण वाकडी येते, पण घे."

घरातल्या तिघांनी आपापला रुग्ण ठरवला होता. वन्संनी स्वतःला. नवऱ्याने आईला. सासूबाईंनीही स्वतःलाच, पण गाजावाजा न करता. चौथं माणूस कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बरोबरच आहे, थर्मामीटरला ताप येईल असं कोणाला वाटतं?

मला ते सोयीचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण होतं. माझी भीती तिघांत वाटली गेली होती आणि मी एकटीच निवांत पाणी पीत होते.

शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये वन्संचा फोन आला. "आई ओट्यापाशी पडली! हॉस्पिटलमध्ये नेतोय, ये!"

मी ॲप्रनसकट धावले. कपाळावर दोन टाके. रक्तदाब दोनशे दहा. तपासणीच्या खोलीत सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर स्वेटर, त्यावर रक्ताचा एक थेंब.

"गोळ्या घेतल्या नव्हत्या?" मी विचारलं.

"सोमवारपासून बंद केल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता कशाला? तेवढी एक बाही राहिली होती, ती झाली की मी मोकळी."

अभिसरण संस्था : रोज सकाळी एक गोळी. फळ्यावरचा चौथा रकाना, माझ्याच अक्षरात. पाच दिवस मी त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाच दिवस मी फक्त माझा गळा पाहत होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत सर्जन आले. माझेच! नवऱ्याने त्यांना वरच्या मजल्यावरून हातापाया पडून आणलं होतं. वहीतून फाडलेलं पान त्याने त्यांच्यासमोर धरलं. "डॉक्टर, आईची गाठ. अठरा मिलिमीटर. टाके घातलेच आहेत तर हेही आत्ताच बघा."

सर्जननी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात रुग्णाचं गुपित फोडत नाहीत. माझ्या गाठीपायी त्यांच्या चांगुलपणाची परीक्षा चालली होती.

"गाठ नेमकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. विचारलं आईंना, पाहिलं माझ्याकडे.

"ते सूनबाईला माहीत," सासूबाई म्हणाल्या. "तिला बिचारीला सांगवत नाही. इतके आठवडे एकटीने मनात ठेवलंय. डॉक्टर, माझं काय, माझं झालंय सगळं. कापायचं तर कापा. पण आधी हिला तपासा. बत्तीस वेळा चावते, पण घास गिळत नाही. मी रोज समोर बसून बघते ना."

भिंतीवर मानवी शरीराचं एक मोठं चित्र होतं, सगळ्या संस्था वेगवेगळ्या रंगांत. त्या चित्राच्या गळ्यात, फुलपाखरासारखी, एक छोटी ग्रंथी. तिला तिथे जागा मिळाली होती.

मी घोट गिळला. उंचवटा वर गेला, खाली आला. सासूबाईंच्या नजरेनेही तोच प्रवास केला, वर आणि खाली, आणि त्यांच्या हातातल्या सुया थांबल्या.

"क्रमांक तीन मी आहे," मी म्हणाले.

नवऱ्याने पलंगाची कड धरली. "तू? तुला... पण तू तर..."

"म्हणजे माझा घोटा..." वन्सं पुटपुटल्या, आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

सासूबाईंनी स्वेटर उचलून माझ्या खांद्याला लावून पाहिला. नवऱ्याच्या मापाचा तो, मला दोनदा गुंडाळता आला असता.

"आवाज जाईल का हो?" मी सर्जनना विचारलं. आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटूनच जाते; सात आठवडे जे विचारायचं होतं ते एवढंच.

"काही दिवस बसेल कदाचित. सहसा परत येतो."

"हिचा तसाही कधी ऐकू येत नाही!" वन्सं रडत ओरडल्या. "बोल की आता, जोरात बोल!"

मी बोलले. इतक्या जोरात की बाहेरची नर्स आत डोकावली.

"सोमवारी! सोमवारी ऑपरेशन करा. मी येते."