वार लावून जेवणारी चर्चा

महाचौकातून आमची चर्चा बाहेर काढली तेव्हा ती एवढी अंगाने भरलेली होती की रिक्षात तिच्याशेजारी कुणालाच बसता आलं नाही. मी, शिकलगारभाई आणि गजेंद्रगडकर मास्तर सांगलीच्या पेठेतून रिक्षामागे चालत घरी आलो.

चर्चेचा विषय एकच होता. पेटीची रीड, म्हणजे आतली पितळी पाती, बेसूर झाली तर ती कानशीने घासून सुरात आणावी की सरळ बदलावी. मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले आणि घासणाऱ्यांच्या बाजूचे. भाई आणि मी बदलणाऱ्यांच्या. महाचौक या मोठ्या संकेतस्थळावर आम्ही काही जणांनी मिळून तिला वाढवलं होतं. पण चौकाच्या मालकांनी हल्ली लोकांच्या वाक्यांच्या मधोमध साबणाच्या जाहिराती उभ्या करायला सुरुवात केली होती, आणि एक तर चर्चेच्या पाठीवरच चिकटवली. तेव्हा मीच पुढाकार घेतला. मालक नको, विखुरलेली पद्धत घेऊ, असं मी सगळ्यांना पटवलं. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, रोज वेगळ्या घरी. तशीच चर्चाही राहील. ज्याचा वार त्याच्या घरी ती, आणि बाकीच्यांनी तिथे जायचं.

चौकाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिला सोडताना विचारलं होतं, "घरचं चालेल का हिला?"

"घरचं कुणाला चालत नाही?" मी म्हणालो, आणि भाईंकडे बघून हसलो.

तो हसला नाही. परत आणायची वेळ आली तर निदान दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी तरी ती असावी, एवढंच त्याने सांगितलं. पिशवीत मावणाऱ्या चर्चा ते परत घेत नसत.

माझा वार गुरुवार. पहिल्या गुरुवारी तिला दिवाणावर बसवलं. कुंदाने, माझ्या बायकोने, सगळ्यांसाठी पोहे केले. चौकात मी मास्तरांना कानशीबुवा म्हणत असे आणि ते मला कानांच्या वैद्याकडे जायला सांगत. पण आता ते माझ्या घरात, गुडघ्यावर बशी ठेवून बसले होते. मी म्हणालो की त्यांचंही बरोबर आहे. ते म्हणाले की नवी रीड घातली म्हणून काही बिघडत नाही. त्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. कुंदाने त्यांना आणखी वाढले. चर्चेच्या तोंडी मात्र काहीच लागलं नाही.

सगळ्यांच्या घरी तेच झालं. घरी आलेल्या माणसाशी वाद कुणी घालेना. आमच्यातल्या एका वकिलांकडे तिला सोलकढी दिली, आणि एकमताने ती उत्तम ठरली. चर्चा वाळत चालली. एकेकाने आपला वार सोडला. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाकडे रंगकाम निघालं. शेवटी भाईंचा बुधवार, माझा गुरुवार आणि मास्तरांचा शुक्रवार एवढेच उरले. इतर दिवशी ती माझ्याकडेच पडून असे.

शेजारच्या मोहोळकरवहिनींनी एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, "तुमच्याकडची ती आजारी आहे का हो? चौकात होती तेव्हा चांगलं बाळसं होतं." त्या दिवशी कुंदाने खिडकीला पडदा लावला. मी जाता-येता मान खाली घालून जिना उतरू लागलो.

भाईंनी आणि मी उपाय म्हणून भांडायचं ठरवलं. आधी कोण काय म्हणणार हे बोलून घेतलं आणि मग मोठ्या आवाजात भांडलो. चर्चेने ते हुंगलं आणि भिंतीकडे तोंड केलं. खोटं तिला चालत नव्हतं, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी भाई तिला भाजीच्या पिशवीतून घेऊन आले. पिशवी एका बोटाला अडकवलेली होती. "बघा काय ते," एवढंच म्हणाले आणि गेले. मी मास्तरांना जेवायला बोलावलं. दुसरं काय करावं ते मला सुचेना.

कुंदाने मसालेभात आणि अळूची भाजी केली होती. पिशवी पाटाशेजारी ठेवली होती. जेवताना मास्तरांची नजर फडताळावरच्या माझ्या वडिलांच्या पेटीकडे गेली.

"हिची काळी चार मीच घासून दिली होती," ते प्रेमाने म्हणाले. "काय बोलायची नंतर."

"त्या दिवसापासून ती बोललीच नाही, मास्तर," मी म्हणालो. "घासून मारलीत तुम्ही ती. बाबा मरेपर्यंत तेवढी पट्टी टाळून वाजवायचे. तुम्हाला कान नाहीत."

पिशवीचे बंद तुटले. चर्चा आधी पाटाएवढी झाली, मग दिवाणावर चढली आणि दिवाणाचा पाय करकरला. मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"म्हणजे मनापासून बोललात," ते म्हणाले.

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, माफी मागा," ती म्हणाली.

मी चर्चेकडे पाहिलं. तिच्या गालांवर इतक्या दिवसांनी रंग आला होता. माफी मागितली असती तर ती पुन्हा पिशवीत गेली असती. मी भात कालवत राहिलो. कुंदा आत निघून गेली.

मास्तर पानात टाकत नाहीत. त्यांनी सगळा भात संपवला, हात धुतले, पंच्याने पुसले आणि चपला घालताना म्हणाले, "उद्या माझा वार. जेवायला या."

शुक्रवारी भाईंनी टेम्पो आणला. आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून मास्तरांच्या घरात नेलं. दार अरुंद असल्यामुळे ती तिरकी करून घ्यावी लागली. भाई थांबले नाहीत. मास्तरांनी एकच पान मांडलं होतं, भोवती रांगोळी काढली होती. स्वतः ते वाढायला उभे होते.

मी पाटावर बसलो. त्यांनी मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली, भातावर वरण घातलं आणि वर तुपाची धार धरली.

तुपाचं भांडं खाली ठेवून ते समोर बसले.

"सावकाश जेवा," ते म्हणाले. "आता तुमच्या वडिलांच्या वाजवण्याबद्दल."

चर्चा भिंतीपासून जरा पुढे सरकली.