तळमजला, नळ: अडतीस व्होल्ट

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सोसायटीची सभा अध्यक्ष म्हात्रेशेठ यांच्या हॉलमध्ये भरली. विषय, इमारतीचं जुनं वायरिंग बदलणे. खर्च तीन लाख बारा हजार, म्हणजे सोळा बिऱ्हाडांना प्रत्येकी साडेएकोणीस हजार. हजर सभासद अकरा. दाराबाहेर चपलांचे जोड दहा. अकरावा जोड वसंत कर्णिकांच्या पायात होता.

"कर्णिक, समोर देव्हारा आहे," म्हात्रेशेठ म्हणाले.

"देव्हाऱ्यावरच्या त्या दिव्यांच्या माळेची वायर सोललेली आहे. ती आधी काढा, मग मी चपला काढतो."

कर्णिक रसायनीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं इलेक्ट्रिकल विभागात होते. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. कुणाकडेही जाताना पिशवीत धुतलेल्या निळ्या रबरी चपला नेतात, उंबऱ्यावर बदलतात आणि बाहेरच्या पिशवीत ठेवतात. फ्रिज असो की लोखंडी कपाट, आधी उलट्या हाताने शिवून बघतात. "सरळ हाताला शॉक बसला की मूठ आवळते, सुटत नाही," हे त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितलं आहे. एका साखरपुड्यात नवरदेव रोषणाईच्या खांबाला टेकून उभा होता. कर्णिकांनी आहेराचं पाकीट द्यायच्या आधी त्यालाही उलट्या हाताने शिवून घेतलं.

दर शनिवारी ते जिन्यामागे एका खड्ड्यात मूठभर मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओततात. ते इमारतीचं अर्थिंग. माती ओली राहिली तरच गळका करंट जमिनीत जातो. पण शनिवार आणि मीठ म्हटल्यावर लोकांचा व्हायचा तो समज झाला. एक नव्या भाडेकरू बाई तिथे हळदकुंकू वाहू लागल्या. कर्णिक त्यांना म्हणाले, "वाहा की! फक्त एक तांब्या पाणीही ओतत जा."

तर त्या सभेत म्हात्रेशेठ म्हणाले, "बिल्डर येतोय. दोन वर्षांत इमारत पाडायची आहे. पाडायच्या घराला तीन लाखांच्या वायरी?"

"बिल्डर अकरा वर्षं येतोय, शेठ. तळमजल्यावर नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. तुमची आई राहते तिथे."

"आईने कधी तक्रार केली नाही."

"तुमच्याकडे तक्रार करण्यात तिचं उरलेलं आयुष्य वाया गेलं असतं."

मतदान झालं. सात विरुद्ध, तीन बाजूने. मी खजिनदार. अजून दोन कोटेशनं यावीत म्हणून तटस्थ राहिलो. हिशेबाने ते बरोबर होतं. कर्णिक जाताना मला म्हणाले, "जुनं झालं की न्यूट्रल वायरसुद्धा तटस्थ राहत नाही हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: तळमजला, नळ: बावीस व्होल्ट. म्हात्रेशेठनी पुसलं. तिसऱ्या दिवशी: सव्वीस व्होल्ट. पुन्हा पुसलं. मग फळ्याला कुलपाची काच बसवली, तर कर्णिक काचेवरच स्केच पेनाने लिहू लागले. अध्यक्षांनी लेखी समज दिली. कर्णिकांनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवशीचा आकडा लिहून ती परत केली. हे पाच महिने चाललं.

ऑक्टोबरात म्हात्रेशेठ आपला पहिल्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट विकायला निघाले. गिऱ्हाईक नवीन पनवेलहून आलं, बायको-मुलांसह. जिन्यापाशी बायकोने काच वाचली. "अहो, अडतीस व्होल्ट म्हणजे?" ती मंडळी वर चढलीच नाहीत.

म्हात्रेशेठ तिसऱ्या मजल्यापर्यंत ओरडत गेले. "कर्णिक! पुसा ते!"

"वायरिंग बदला. मी स्वतः पुसतो, वर काच धुऊनही देतो."

आठ दिवसांत सभा झाली आणि ठराव एकमताने मंजूर. या वेळी मीही हात वर केला.

दिवाळीनंतर इक्बालभाई वायरमनने काम सुरू केलं. लाकडी पट्ट्या उखडल्या, आतून उंदरांनी कुरतडलेल्या वायरी निघाल्या. शेवटचं घर म्हात्रे आजींचं. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. त्या दिवशी काम तपासायला मी आणि कर्णिक आत गेलो. कर्णिकांनी न विचारता फडताळातून कप काढला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की रोजचा तो आकडा हा माणूस आणत कुठून होता.

आजींनीच सांगितलं. "दोन वर्सं झाली. रोज साडेसाला येतो. नळ तपासतो, माजी बादली भरून देतो. मना नळाला हात लावू देत नाय. मंग आमी दोगं चा पितो. येका शबदानं पोराला बोलू नका, म्हनतो. त्याला वाईट वाटंल."

कर्णिकांनी कप पुन्हा फडताळात ठेवला.

इक्बालभाईने नव्या डब्याचं झाकण उघडून लाल बटण दाखवलं. "आजी, आता करंट गळला ना, तर हा डबा आपोआप लाईट बंद करणार. कुणी तपासायची गरज नाही."

आजींनी बटणाकडे बघितलं, मग कर्णिकांकडे. "मंग तू उद्या नाय येनार?"

विजेच्या बाबतीत या माणसाने अध्यक्षाला सोडलं नाही, नवरदेवाला सोडलं नाही. तो म्हणाला, "नवीन डबा आहे, आजी. ते बटण रोज दाबून बघावं लागतं. साडेसहाला."

झाकणाच्या आत स्पष्ट छापलं होतं: टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. मी वाचलं. इक्बालभाईनेही वाचलं आणि तोंड उघडलं.

मी खिशातून पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. "इक्बालभाई, हा तुमचा शेवटचा चेक. एक्केचाळीस हजार पाचशे. नीट मोजून घ्या."

"चेक काय मोजायचा, साहेब?" तो म्हणाला. मग आजींकडे बघून त्याने झाकण लावलं आणि बाहेर जाऊन चेक मोजत उभा राहिला.