पाण्याचा ताळेबंद

"पाणी गणिताबाहेर जात नाही!" क्लाइव्ह पेंगेली छाती फुगवून म्हणाला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, तो का सांडपाण्याला भिणार!

गिप्सलँडच्या ज्या टेकडीवर त्याने नवं घर बांधलं, तिथे गावाचं गटार पोचत नव्हतं. घरातलं सांडपाणी मागच्या जमिनीतच चर खणून जिरवायचं. पाऊस आणि सांडपाणी एका बाजूला; मुरेल आणि उडून जाईल ते दुसऱ्या. दोन्ही बाजू जुळल्या की चराची लांबी निघते. पण नियमाप्रमाणे माणसं बेडरूमवरून मोजतात, बेडरूमपेक्षा एक जास्त; आणि बेडरूम होत्या चार. चर आला साठ मीटर! म्हणजे बायकोची, नोरीनची, अख्खी गुलाबबाग आडवी!

क्लाइव्हने नकाशातल्या तीन बेडरूम खोडून लिहिलं: वाचनालय, शिवणखोली, ध्यानखोली. चर आला चोवीस, आणि खणलाही तेवढाच!

"अरे, मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही!" नोरीन म्हणाली.

"मग आता ओव."

ऑगस्टात, तिथल्या ऐन हिवाळ्यात, शेवटची तपासणी ठरली. त्यात नापास झालं तर नवं घर सोडून पुन्हा चाकांवरच्या कॅरव्हॅनमध्ये. दोन हिवाळे दोघं तिथेच कुडकुडले होते. आणि नेमकी आदल्या दिवशी नोरीनची बहीण बेरिल नवरा आणि चार मुलींसकट येऊन थडकली!

सकाळी तपासनीस फिलिपाबाई आत आल्या, तर वाचनालयातून घोरणं ऐकू आलं.

"वाचन चाललंय," क्लाइव्ह म्हणाला.

"बरंच मोठ्याने वाचतात!"

तेवढ्यात शिवणखोलीतून बेरिल टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "क्लाइव्ह, गरम पाणी संपलं की रे! सहाव्या माणसाने काय गारठ्यात अंघोळ करायची?"

"सहाव्या?" बाईंनी वही उघडली.

"शि... शिवणवर्ग आहे."

"टॉवेलचा?"

इतक्यात ध्यानखोलीत केस वाळवायच्या यंत्रावरून दोन मुलींची जुंपली. क्लाइव्हने बाईंना घाईघाईने मागे नेलं. तिथे तरी शांतता असेल! शांतता होती, पण रात्रभरचा पाऊस आणि सकाळच्या पाच अंघोळींनी चर तुडुंब भरला होता. बाईंनी पाऊल टाकलं ते थेट गुडघ्यापर्यंत आत! पाय निघाला, बूट राहिला. वासाबद्दल न बोललेलं बरं.

क्लाइव्हच्या खांद्याला धरून, एका पायावर उभ्या राहून बाईंनी लिहिलं. "बेडरूम चार. चर साठ मीटर. तोवर मुक्काम कॅरव्हॅनमध्ये."

क्लाइव्हमधला मास्तर मात्र गप्प बसेना. "बाई, तुम्ही यंदाच्या ऑगस्टचा पाऊस धरलाच नाहीत!"

बाईंनी तिथल्या तिथे आकडेमोड केली. "खरंच की! बहात्तर."

क्लाइव्हने तोंड उघडलं. नोरीनने त्याच्या हातात फावडं ठेवलं. "अजून एक चूक दाखव तिला, म्हणजे शेजाऱ्याची जमीनही खणायला मिळेल तुला!"