घरमालकीणबाईंचं नाक आणि बाईसाहेबांचा ट्रे

मांजराच्या ट्रेसाठी दुकानातून पिशवीतली वाळू विकत आणणाऱ्या माणसांची मला कीव येते! निसर्गात सगळं फुकट पडलंय. फक्त डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे.

(विधान तपासून पाहावे. — बायको)

हे कंस तिचे. माझी बायको मुद्रितशोधक आहे. वाण्याची यादीसुद्धा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, मग ही गोष्ट कशी सुटेल?

तर, आमच्याकडे एक मांजर आहे. नाव बाईसाहेब. लेकीने आणलं, लेकीच्याच उशाशी झोपतं, आणि त्याच्या ट्रेचा वास जिना उतरून खाली जातो. खाली घरमालकीणबाई राहतात. त्यांचं नाक असं, की आमचं दूध करपायच्या आधी त्या खालून ओरडतात, "गॅस बंद करा!"

गेल्या सोमवारी त्या वर आल्या.

"रविवारी पाचला येते. वास आला तर मांजर घराबाहेर."

"अहो मावशी, पण—"

"मांजर जाईल, नाहीतर तुम्ही जाल. मला दोन्ही चालेल."

लेक दोन दिवस जेवली नाही.

(एक वेळ. पण मांजराला मिठी मारून रडत होती, हे खरं.)

मंगळवारी मी कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतंभर भुसा आणला.

"एवढा भुसा कशाला, साहेब?"

"मांजराला."

"मांजर भुसा खातं?"

"खात नाही हो! बसतं!"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कुठून रंधा मारायला घ्यावा याचा अंदाज घेत असावा.

भुसा वास पितो, यात शंका नाही. पण तो पडला हलका! बाईसाहेब ट्रेमधून बाहेर आल्या आणि त्यांनी शेपूट झटकली. भुसा सोफ्यावर, उशांवर, बायकोच्या टेबलावर. तिने एका कादंबरीच्या चाळीस पानांवरचे जास्तीचे अनुस्वार खोडले. एक्केचाळिसाव्या पानावर तिला शिंक आली आणि सगळे अनुस्वार उडून गेले!

"हे घर आहे की लाकडाची वखार?"

"वजन कमी पडतंय," मी म्हणालो. "माती घालतो."

माती जिन्याच्या वळणावरच होती. घरमालकीणबाईंच्या सात कुंड्यांत. प्रत्येकीतून फक्त एक ओंजळ घेतली.

(दोन.)

त्यात ऑफिसच्या कँटीनमधला चहाचा चोथा, गॅलरीत कडकडीत वाळवून. वरून चिमूटभर खाण्याचा सोडा. बाईसाहेबांनी हुंगलं, गोल फिरल्या, बसल्या, आणि सगळं नीट उकरून झाकलं. लेकीने टाळ्या वाजवल्या! शनिवारपर्यंत एक चूक नाही, आणि वास तर औषधालाही नाही.

रविवारी बरोब्बर पाचला नाक आलं. मागोमाग घरमालकीणबाई. पलंगाखाली वाकल्या, पडदे हुंगले, शेवटी ट्रेवर ओणवल्या. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं बधिर झाली.

"नाही बाई वास. राहू दे मांजर."

लेकीने उडीच मारली. इथे मी गप्प बसायला हवं होतं.

(हो.)

"त्याचं काय आहे, मावशी, ही सगळी शिकवण! माती आणि चहाचा चोथा दिसला, की ती दुसरीकडे कुठे बसणारच नाही!"

"चहाचा चोथा?" त्या खूश झाल्या. "मीसुद्धा कुंड्यांना तोच घालते हो. वीस वर्षं झाली!"

मला त्यात काहीच खटकलं नाही.

(मला खटकलं. पण तोवर लक्षात आलं, की दार उघडं आहे.)

जिन्याच्या वळणावर, सर्वांत मोठ्या गुलाबाच्या कुंडीत, बाईसाहेब बसल्या होत्या. घरमालकीणबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून. मग उठल्या, आणि नीट उकरून झाकलं. अगदी शिकवल्यासारखं!

"आजी, तिचं काही चुकलं नाही!" लेक रडकुंडीला आली. "बाबांनी शिकवलं तस्संच केलं तिने!"

घरमालकीणबाईंनी कुंडीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"पोर बरोबर बोलतेय. शिकणाऱ्याचा काय दोष? मांजर राहील. पण उद्यापासून सातही कुंड्या शिकवणाऱ्याने साफ करायच्या. रोज. मी उठायच्या आत!"

तेव्हापासून मी रोज सकाळी खुरपं घेऊन जिन्यात बसतो. बाईसाहेब वरच्या पायरीवरून देखरेख करतात. घरातला ट्रे कोरडा ठणठणीत आहे. ऑफिसात माझ्या शेजारचा कारकून खिडकीजवळ बसायला गेलाय, म्हणे उजेड बरा पडतो. घराला आता अजिबात वास येत नाही. मला येतो.

(या गोष्टीतलं हे एकच वाक्य दुरुस्त करावं लागलं नाही.)