पाच वॅट की पंधरा वॅट

रविवारी सकाळी नाश्त्याच्या ताटावरच नागलक्ष्मीनं नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, की आज संध्याकाळपर्यंत एक अॅम्प्लिफायर घरात आला पाहिजे, आणि तो आला की या घरात ‘वॅट’ हा शब्द पुन्हा कुणी उच्चारायचा नाही.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. सतीशकुमार एका इंजिनिअरिंग कॉलेजात पूल आणि धरणं शिकवत, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॉलेजच्या दिवसांतली इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली काढली होती. गिटार ठणठणीत निघाली, पण तिचा आवाज ज्यातून यायचा तो खोका त्यांना पसंत पडेना. त्यांना हवा होता व्हॉल्व्हचा अॅम्प, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसले काचेचे दिवे आत तापून लाल होणारा. इथवर ठीक होतं. पुढे प्रश्न आला, की पाच वॅटचा घ्यावा की पंधरा वॅटचा? पंधराचा रुबाब मोठा, पण मोठ्यानं लावल्याशिवाय तो मोकळा होत नाही. पाचाचा बेताच्या आवाजातच छान गुरगुरायला लागतो, पण आयत्या वेळी दम कमी पडला तर? हा प्रश्न त्यांनी सांबार वाढताना चघळला, डॉक्टरच्या दारात बसून चघळला आणि मेहुणीच्या साखरपुड्यात भटजींना थांबवून चघळला. नागलक्ष्मीची रक्त तपासायची लॅब होती. लोकांचे रिपोर्ट ती दोन तासांत देई, आणि घरचा रिपोर्ट दोन वर्षं आला नव्हता.

अशात फोनवर एक जाहिरात दिसली. कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा कुणी चंद्रमौली, कंपनीनं बदली केली म्हणून, आईला घेऊन कोइमतूरला राहायला निघाला होता. त्याच्याकडे व्हॉल्व्हचे दोन लहान अॅम्प होते, एक पाचाचा आणि एक पंधराचा. नव्या फ्लॅटमध्ये जागा एकालाच. तुम्हाला आवडेल तो न्या, उरेल तो मी ठेवीन, असं त्यानं फोनवर तमिळमध्ये सरळ सांगितलं.

“सरळ माणूस म्हणजे आपलं काम सोपं जाहलं,” सतीशकुमार स्कूटर काढता काढता म्हणाले. “आपली रीत ठाऊक आहे नव्हे?”

रीत नागलक्ष्मीला ठाऊक नसायला काय झालं? तिनंही ती आयुष्यभर वापरली होती. कुंभकोणमातल्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही सोय आहे. दुकानदाराशी तमिळमध्ये बोलायचं आणि मालाला नावं ठेवायची. आपसात मराठीत बोलायचं आणि खरं काय ते ठरवायचं. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज ही भाषा घेऊन इकडे आले, ते राज्य करायला आले असतील. सध्या तिचा मुख्य उपयोग साड्यांच्या दुकानात होतो. या रीतीनं सतीशकुमारांनी फ्रिज घेतला, स्कूटर घेतली आणि राहता फ्लॅटही घेतला.

“तो आपल्यातला निघाला तर?” नागलक्ष्मीनं मागे बसून, गिटार पाठीला लावत विचारलं.

“चंद्रमौली म्हणून आपल्यांत कोण आहे, सांग? इथली सारी मराठी घरं मज तोंडपाठ आहेत. सुंदरपेरुमाळ कोयिलांत येकही नाही.”

पंचवीस मिनिटांनी ते रेल्वे रुळांपलीकडच्या एका कौलारू घरात बसले होते. चंद्रमौली पस्तिशीचा, शांत, जाड भिवयांचा माणूस होता. त्याच्या म्हाताऱ्या आईनं कॉफी आणून दिली आणि ती आत गेली. समोर बाकावर दोन अॅम्प होते. पंधरा वॅटचा परदेशी, काळा, चकचकीत, बटणांनी भरलेला. शेजारचा पाच वॅटचा म्हणजे एक लाकडी पेटी होती, तिला बटणं तीन, आणि पुढच्या बाजूला लावलेलं विटकं, फुलाफुलांचं कापड.

“हा जुना माझ्या वडिलांनी बनवला,” चंद्रमौली तमिळमध्ये म्हणाला. (वाचकांच्या सोयीसाठी तमिळ बोलणंही इथे मराठीतच दिलं आहे.) “ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. लग्नांत, देवळांच्या उत्सवांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रांना असले अॅम्प करून द्यायचे. त्यांच्या हातचा हा शेवटचा. मला त्यातलं काही कळत नाही. गिटार मी पंधराच्यावर थोडीफार वाजवतो. बघा, दोन्ही बघा.”

सतीशकुमारांनी आधी चकचकीत लावला. चांगला वाजला. मग त्यांनी गिटारची वायर लाकडी पेटीत खुपसली, आतले दिवे तापायची वाट पाहिली आणि एक सूर छेडला.

नागलक्ष्मीला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो सूर भरून आला, कडेनं जरासा खरखरीत झाला आणि खोलीत रेंगाळत राहिला, आणि तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा हे तोंड तिनं असं पाहिलं होतं. दोन वर्षं हा माणूस काय शोधत होता ते तिला एका क्षणात कळलं, आणि आपण सकाळी जरा जास्तच बोललो असं वाटून तिला वाईट वाटलं.

सतीशकुमारांनी मात्र चेहरा लगेच आवरला. “हं,” ते तमिळमध्ये म्हणाले, “जुना झालाय हो. खरखरतो. आणि पुढे हे काय, जुनं लुगडं लावलंय?” आणि तिच्याकडे वळून मराठीत, हसऱ्या चेहऱ्यानं: “लक्ष्मी, सोनं आहे हें! पेटी पाहिलीस? फणसाचं लाकूड. वीणा करतात त्यातलं. घेऊन जायाचं तर हेंच. आतां तूं मोठ्यास बरं म्हण, म्हणजे हा खुळा लहान्यास देऊन टाकील.”

“मोठा छान आहे,” नागलक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली. रीत म्हणजे रीत.

चंद्रमौलीनं मान डोलावली.

“त्याच्या भिवया बघ,” सतीशकुमार रंगात येऊन मराठीत म्हणाले. “दोन सुरवंट बसविल्यासारख्या. आणि काफी? काफीसाठीं नांवाजलेल्या कुंभकोणमापासून इतक्या जवळ राहून असली काफी करायास मोठं धैर्य पायजे.”

नागलक्ष्मीला हसू आलं. ते लपवायला तिनं टंबलर उचलले आणि ती आत स्वयंपाकघरात ठेवायला गेली. म्हातारी चुलीपाशी स्टुलावर बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “ये गो, बस. काफीस काय जाहलं? डिकाक्शन पातळ जाहलं की?”

नागलक्ष्मीच्या हातातले टंबलर खाली पडले नाहीत, याचं श्रेय लॅबमधल्या पंचवीस वर्षांच्या सवयीला.

“तुमी... आपल्यातल्या?”

“नव्हे तर काय! मी मीनाक्षीबाई. माझा दादला सेतुराम राव. आमी चाळीस वर्षं तिकडे विळुपुरमास होतों, रेल्वेत. इथें येऊन तीनच वर्षं जाहलीं.” तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. “आणि तें लुगडं मजंच. कशास लाजतेस? बोलूं दे त्यास. ह्यांनीं केलेल्या पेटीस इतकं बरं आजवर कोणी बोलिलं नाही. माझ्या लेकाच्या कानांत जाऊं दे.”

नागलक्ष्मीच्या कानांत मात्र एकच शब्द घुमत होता, तो म्हणजे सुरवंट. ती जवळजवळ धावतच बाहेर आली. आता नवऱ्याला गप्प करायचं, पण कसं? मराठीत सांगावं तर चंद्रमौलीला कळणार. तमिळमध्ये सांगावं तर सगळ्या गावाला कळणार. तो कंपनीत नोकरीला, म्हणजे इंग्रजीही त्याला येणारच. राहता राहिली हिंदी. लहानपणी ती हिंदीची पहिली परीक्षा पास झाली होती, पण त्यातलं तिला आठवत होतं ते इतकंच, की किसान खेत में हल चलाता है. प्रसंगाला ते उपयोगी नव्हतं.

तिनं नवऱ्याचा पाय आपल्या पायानं दाबला.

दुर्दैवानं त्यांच्या रीतीत पाय दाबण्याचा अर्थ ठरलेला होता: माणूस नरमलाय, आणखी दाबा. सतीशकुमारांनी मान हलवली आणि तमिळमध्ये पेटीची सालटी काढायला सुरुवात केली. लाकूड जड, दिवे जुने, बटणं ढिली, विकत घेणाऱ्याला दुरुस्तीचाच ताप. मध्येच मराठीत: “सरी, बरं, कळलं, दाबतोंय. आतां पाय काढ, दुखतोंय.”

मग तिला फोन सुचला. तिनं कोपऱ्यात जाऊन, तिच्या घरी सगळे लिहितात तसं, तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं: ‘तो मराठी आहे! तोंड बंद करा!’ आणि पाठवून दिलं.

पाठवल्यावर तिनं मान वर केली. सतीशकुमारांच्या हातात फोन नव्हता. दोन्ही अॅम्पचे आवाज घरी ऐकून ताडून पाहता यावेत म्हणून त्यांनी तो रेकॉर्डिंग करायला चंद्रमौलीच्या हातात दिला होता. फोन टिंग वाजला. चंद्रमौलीनं पडद्यावर पाहिलं, सावकाश वाचलं, अंगठ्यानं तो निरोप बाजूला सारला आणि नागलक्ष्मीकडे बघून अगदी अदबीनं हसला. मग फोन पुन्हा नीट धरला.

नागलक्ष्मी भिंतीला टेकली. आता काही करण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून ती ऐकत राहिली.

आणि नेमके त्याच वेळी सतीशकुमार मनापासून बोलायला लागले. त्यांनी पेटीचं मागचं फळकूट काढलं होतं आणि ते आत डोकावून पाहत होते. “लक्ष्मी, इकडे ये. हें पाहा. येक तार वांकडी नाही. कोणी पाहाणार नाही तिथें सुद्धां ह्या माणसानं कसं नेटकं बांधिलंय. विकायास नाही केलं हें, जीव लावून केलंय. मी दोन वर्षं जगांतले सारे अॅम्प पाहिलों, ऐकिलों. असा येकही नाही.” त्यांनी आतल्या एका जोडावरून बोट फिरवलं. “माझ्या बापानं असं कांहीं करून ठेविलं असतं, तर मी मेलों तरी विकलों नसतों. हा कसला लेक? घरांत काय आहे तें ठाऊकच नाही त्यास.”

आतल्या खोलीतली भांड्यांची खुडबुड थांबली.

सतीशकुमारांनी फळकूट बसवलं, हात झटकले आणि तमिळमध्ये म्हणाले, “काय आहे सार, ही पेटी म्हणजे तुम्हाला नुसती अडचण. सामान हलवताना आणखी एक ओझं. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच घेऊन जातो. बोला.”

चंद्रमौलीनं हातातला फोन खाली ठेवला. तो बाकाजवळ आला आणि त्यानं पेटीवर हात ठेवला. मग तो बोलला, ते मराठीत.

“तुमी सांगिटलंत तेंच खरं. मज ठाऊकच नव्हतं.”

सतीशकुमारांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहिलं.

“तुमी मराठी बोलिलांत तेव्हांच सांगणार होतों, आमी बी मराठीच म्हणून,” चंद्रमौली शांतपणे म्हणाला. “तितक्यांत तुमी माझ्या भिवयांवर आलांत. मग म्हटलं, राहूं दे. पण मामा, अप्पांच्या कामावर मजसमोर असं कोणी बोलिलं नाही. मज वाटे, म्हाताऱ्यानं सुम्मा, उगाच वेळ घालवायास केलं असेल. सकाळपर्यंत तुमास हाच देऊन टाकायाचा, असं मी ठरविलं होतं. ‘हा द्या’ म्हणून सरळ बोलिलां असतां, तर केव्हांच दिला असतां. आतां कसा देऊं?”

“नाही, पण मी... तो खरखरतो की,” सतीशकुमार चाचरत म्हणाले.

“तें तमिळांत बोलिलांत,” चंद्रमौली म्हणाला. “मराठींत नाही.”

मीनाक्षीबाई डोळे पुसत बाहेर आल्या, त्यांच्या हातात दाट डिकाक्शनची नवी कॉफी होती. सतीशकुमारांनी ती उभ्या उभ्या, मान खाली घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि तिला दोनदा बरं म्हटलं. चकचकीत अॅम्प चंद्रमौलीनं स्वतः उचलून स्कूटरच्या पायाशी ठेवला. मोठा छान आहे, असं नागलक्ष्मीनं तिच्याच तोंडानं सांगितलेलं असल्यानं नको म्हणायची सोय राहिली नव्हती, आणि मामा म्हणवून घेतल्यावर किमतीत घासाघीस करायचीही.

निघताना सतीशकुमार उंबऱ्यात थांबले. या माणसाशी साधं, सरळ मराठी बोलायची ही त्यांची पहिलीच खेप होती, त्यामुळे ते जरा अडखळले. “तुमच्या अप्पांनीं बरं केलंय. अगदीं बरं.”

“ऐकिलं मी,” चंद्रमौली म्हणाला, आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

रेल्वेचं फाटक बंद होतं. तंजावूरकडची गाडी यायची होती. स्कूटर उभी होती, सतीशकुमारांच्या पायांत पंधरा वॅट होते, आणि मागे नागलक्ष्मी गिटार सांभाळत बसली होती. तिला मनापासून वाटत होतं, की जे झालं ते बरंच झालं. त्या म्हातारीच्या घरातली वस्तू घरातच राहिली. आणि अॅम्प घरी येतो आहे. कसलाही असो, आजपासून तो विषय संपला. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

“फार वाईट वाटून घेऊं नका,” ती म्हणाली.

“वाईट कशास?” सतीशकुमार म्हणाले. त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता, किंबहुना जरा चढलाच होता. “लक्ष्मी, आज मोठं काम जाहलं. दोन वर्षं मज कळत नव्हतं, पांच की पंधरा. आज कानांनीं ऐकिलं. पांच वॅट. शंकाच नाही. आतां हा पंधराचा घरांत तोवर राहूं दे, ताडून पाहायास बरा. ह्याच्या शेजारीं ठेवून येकेक पांच वॅटचा ऐकायाचा. आतां शोधायास खरी मजा येईल!”

गाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. नागलक्ष्मी स्कूटरवरून खाली उतरली, गिटार नवऱ्याच्या पाठीला अडकवली आणि म्हणाली, “तुमी व्हा पुढें. मी बसनं येतें.”