सशांच्या स्थळांबाबतची कार्यपद्धती

विज्ञानाचा पाया निरीक्षण आणि निरीक्षणाचा पाया खुर्ची. चेन्नईतल्या आमच्या प्राणिवर्तन व प्रजनन प्रशिक्षण केंद्रात खुर्च्यांची टंचाई कधीच नव्हती. एकेका पिंजऱ्यासमोर नऊ. त्यांवर नऊ प्रशिक्षणार्थी, मागे उभे मार्गदर्शक, वर कॅमेरा, आणि एसी दुरुस्त करायला आलेला माणूस (तोही बघायचाच).

एवढ्या सोयींच्या बळावर केंद्राने जे साधलं ते जगात कुणालाही साधलेलं नाही. तीन वर्षांत सशांना एकही पिल्लू झालं नाही. होय, सशांनाच. कोवलमच्या एखाद्या मच्छीमाराच्या अंगणात सशांची जोडी सोडा, पोंगलपर्यंत त्याला जाळी वाळत घालायला जागा उरणार नाही. आमच्याकडे तेच ससे गार हवेत एकमेकांकडे पाठ करून बसत, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनांसारखे.

याचं श्रेय संचालक डॉ. सेतुमाधव यांच्या कार्यपद्धतीला. मादी आपल्या जागेत परका नर खपवून घेत नाही, म्हणून तिलाच नराच्या पिंजऱ्यात न्यावं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. सर मूळचे तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांना हे फारच उघडंवाघडं वाटलं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी यायचं असतं. तेव्हा नराला मादीकडे नेण्यात येई. मग गाजर (मुलगी बघताना द्यायची सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, सशांना पचत नाही, ती निरीक्षकांना). मग मुलीचं गाणं. मादीला गाता येत नसल्याने ध्वनिमुद्रण, राग सरांच्या आवडीचा. गाणं संपलं की मादी मागचा पाय दाणकन आपटे आणि नराचा कान चावून फोडे. शेरा ठरलेला : ‘मुलगी लाजाळू आहे.’

या प्रगतीत विद्यालक्ष्मीने खोडा घातला. आमच्याच तुकडीतली. तिचा प्रबंध देविका नावाच्या मादीवर होता, आणि वर्षअखेर पिल्लं झाली नाहीत तर शिष्यवृत्ती बंद होणार होती. शिष्यवृत्ती बंद म्हणजे लग्न. हा तिच्या वडिलांचा, अंबत्तूरच्या वेंकटअप्पांचा, पर्यायी प्रकल्प. त्याला निधीही मंजूर होता.

एकदाच फक्त देविकाला नराकडे नेऊ द्या, अशी विनंती घेऊन ती सरांकडे गेली.

“मुलगी आधी मुलाच्या घरी जाते होय? आमच्यात पद्धत नाही.”

“सर, ससे आपल्यातले नाहीत.”

“आपल्या केंद्रात आहेत ना? मग आपल्यातलेच,” असं म्हणून सरांनी विषय समितीकडे पाठवला. (समितीत सर होते.)

तेवढ्यात पर्यायी प्रकल्पाने उचल खाल्ली. जॉर्ज टाउनमधल्या मिरचीच्या घाऊक व्यापाऱ्यांचा मुलगा, विश्वजित, रविवारी बघायला येणार असं ठरलं. सर नात्यातले, म्हणून त्यांना बोलावणं. सर येणार म्हणून मार्गदर्शकांना, आणि मार्गदर्शक येणार म्हणून आम्हा सगळ्यांना. अशा रीतीने त्या रविवारी केंद्रातला संपूर्ण निरीक्षकवर्ग अंबत्तूरला हलवण्यात आला. खुर्च्या कमी पडल्या.

विद्यालक्ष्मी बसली. तिच्या आईने, कनका मावशींनी, बज्जी फिरवली. मुलाच्या आईने गाणं म्हणायला सांगितलं. मी समोरच होतो, सवयीने पायाकडे बघत. पाय आपटला. दाणकन.

“आधी मला तुमचं घर बघायचंय,” ती मुलाला म्हणाली.

“कसाला?” वेंकटअप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. घरातली जुनी तंजावरी बोली त्यांना फक्त धक्का बसल्यावर आठवते. सरांनी डोळे मिटले.

विश्वजितने हातातली बज्जी खाली ठेवली. “या की. मिरचीच्या पोत्यांमुळे शिंका येतील. रुमाल आणा.”

केंद्रात त्या वेळी काय चाललं होतं, हे कुणालाच माहीत नाही. घरी येण्याआधी विद्यालक्ष्मीने देविकाला उचलून नराच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं आणि कॅमेऱ्यावर आपली ओढणी टाकली होती, एवढंच पुढे चौकशीत निष्पन्न झालं.

महिन्याभराने आठ पिल्लं झाली.

समितीने तातडीने बैठक घेऊन ठराव केला : निरीक्षणाविना झालेले जन्म ग्राह्य धरता येत नाहीत, सबब पिल्लं पिंजऱ्यात असली तरी झालेली नाहीत. (दोन पिल्लं बैठकीच्या वेळी सरांच्या चपलेवर होती.) मात्र न झालेल्या पिल्लांना चारापाणी करायला कुणीतरी हवं, म्हणून विद्यालक्ष्मीची शिष्यवृत्ती दोन वर्षांनी वाढवण्यात आली. कार्यपद्धती जशीच्या तशी आहे. इतर विद्यापीठांनी ती मागवली आहे.

विद्यालक्ष्मी रुमाल घेऊन जॉर्ज टाउनला गेली. तिथे काय झालं, ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, जमलं की नाही?

बघा, तुम्हीही पुढे सरकून बसलात. दहावी खुर्ची तुमचीच होती. आता जरा तिकडे तोंड करा. त्या दोघांचं काही व्हायचं असेल तर होऊ दे.