हुपरीकरांच्या गाडीचा लपलेला नंबर

नलूवहिनींनी जाहिरातीच्या फोटोसाठी गाडीच्या नंबरवर उजवा हात ठेवला, आणि हात काढला तेव्हा खालचे चारही आकडे गेलेले होते.

हात ठेवायला मीच सांगितलं होतं. जुनी गाडी ऑनलाइन विकायची तर फोटोत नंबर झाकावा, अशी तिथे सूचना असते. मोबाइलवर नंबरवर डाग पाडायची सोय असते म्हणे, पण मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, मला शिक्का मारता येतो, डाग पाडता येत नाही. म्हणून म्हटलं, वहिनी, तुम्हीच हात ठेवा. त्या दाराशी उकिडव्या बसल्या, हात ठेवला, मी फोटो काढला. फोटो बरा आला.

मी मागची पाटी बघून आलो. तिच्यावरही एमएच दहा होतं, पुढची दोन अक्षरं होती आणि त्यापुढे स्वच्छ पांढरं. गाडीच्या पुस्तकात, विम्याच्या कागदावर आणि चौदा वर्षांच्या जुन्या फोटोंत, सगळीकडे तेवढीच जागा कोरी. ही गाडी चौदा वर्षं माझ्या स्कूटरशेजारी उभी राहिली आहे. मला गल्लीतल्या सगळ्यांचे घरनंबर आणि वाढदिवस पाठ आहेत, पण हा नंबर काही केल्या आठवेना.

गाडी वहिनींच्या यजमानांची, अरविंद हुपरीकरांची. आमच्या मिरजेत शाळेत चित्रकला शिकवायचे. गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले वळून बघत. दोन वर्षांपूर्वी गेले. जायच्या आधी आठ दिवस त्यांनी वहिनींना एकच गोष्ट सांगितली होती: गाडी दारात उभी ठेवू नको, उभी राहिली की मरते, चालवणाऱ्या माणसाला दे. वहिनींना गाडी चालवता येत नाही. दोन वर्षं त्या रोज पुसत राहिल्या आणि टायर खाली बसत गेले. शेवटी यंदा त्यांनी मन घट्ट केलं. जाहिरात टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी समीना मुजावर नावाची नर्स आली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत बसली आणि आरसा नीट करायच्या आधी वहिनींना विचारलं, "काकू, हा काकांच्या उंचीचा लावलेला आहे ना? मी आत्ता हलवत नाही." वहिनींनी त्याच क्षणी ठरवलं, गाडी हिलाच.

पण नंबर नसलेली गाडी नावावर कशी करणार? आम्ही पुढची पाटी खोलून कापडी पिशवीत घातली आणि आरटीओत गेलो.

तिथल्या खिडकीवर आवटी म्हणून कारकून होते. त्यांनी पाटी उजेडात धरली, उलटी करून बघितली आणि विचारलं, कशानं झाकला होता? हातानं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मोबाइलवर डाग पाडला तर नंबर फोटोतच झाकला जातो, कागद लावला तर दोन दिवसांत परत येतो, पण घरच्या माणसाचा हात पडला की तो खरोखर लपतो. महिन्याला दोन-तीन प्रकरणं येतातच, असं त्यांनी सांगितलं.

"गेला नाही ओ तो, लपलाय," आवटी म्हणाले. "झाकणाऱ्यानं नाव घ्यावं लागतंय."

नाव घ्यायचं म्हणजे काय, ते मी विचारलं. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. 'नंबर झाकला गेल्यास झाकणाऱ्याने कचेरीत समक्ष येऊन मूळ मालकाचे नाव घ्यावे', एवढंच तिथे होतं. ज्या साहेबांनी हे लिहिलं त्यांना बहुधा नुसतं नाव सांगणं अपेक्षित असावं. पण नाव घेणे म्हणजे उखाणा, असा अर्थ नंतरच्या साहेबांनी लावला, आणि गंमत म्हणजे त्यानंतरच नंबर परत यायला लागले. मग तोच अर्थ कायम झाला. उखाण्यात घरातलं रोजचं काहीतरी असावं लागतं, कारण नंबर तिथेच कुठेतरी दडून बसलेला असतो. मुदत पंधरा दिवस. तेवढ्यात नाही आला तर गाडी अनाम म्हणून नोंदतात आणि भंगारात पाठवतात.

वहिनी हळूच म्हणाल्या, "साहेब, आता मला कोण नाव घ्यायला सांगतंय?"

हे खरं होतं, आणि मला ते ऐकून लाज वाटली. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला वहिनींना बोलावतात. आम्ही सुधारलेले लोक. पण नाव घ्यायची पाळी आली की कुणीतरी म्हणतं, नलू, जरा चहाकडे बघतेस का? आणि वहिनी आत जातात. आमच्या घरीही दोनदा असंच झालं आहे, आणि दोन्ही वेळा चहाला काहीही झालेलं नव्हतं.

आवटींनी नियम पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मागचं पानही बघितलं.

"सवाष्णीनं घ्यावं असं ह्यात कुठंच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "झाकणाऱ्यानं घ्यावं, एवढंच आहे."

पंधरा दिवसांत आम्ही आठ वेळा गेलो. मी वाचनालयातून उखाण्यांचं पुस्तक आणलं. वहिनींनी उखाण्यात चांदीचं ताट घेतलं, तुळशीवृंदावन घेतलं, गुलाबाचं फूल, रेशमाचा धागा, सगळं घेतलं. पाटी ढिम्म. आवटी प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घेत आणि नोंदवहीत 'ऐकले, आले नाही' असं लिहीत. सहाव्या वेळी त्यांनी विचारलं, तुमच्याकडं चांदीचं ताट आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी ते पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. वहिनी नाव असं घेतच नव्हत्या. शेवटच्या ओळीला आवाज इतका खाली जायचा की अरविंदराव हा शब्द त्यांच्या पदरातच राहायचा. मी हे त्यांना बोललो नाही. कुठल्या तोंडानं बोलणार होतो?

पंधराव्या दिवशी समीना सकाळची पाळी बदलून वहिनींच्या दारात, गाडीपाशी येऊन थांबली. मागच्या पाटीवर काही उमटलं तर कळवायला फोन चालू ठेवते म्हणाली. मी आणि वहिनी पिशवी घेऊन रिक्षात बसलो. वाटेत मी उगाच विचारलं, आज कोणता उखाणा घेणार? वहिनी म्हणाल्या, कुठलाच सुचत नाही. मग गाडीबद्दल नाही, भलतंच सांगायला लागल्या. हे पहाटे सहाला उठायचे आणि स्वतः चहा करायचे, दोनच कप, पण दोन कपांना चार माणसांची साखर घालायचे. ते गेल्यावर तीन महिने वहिनींच्या हातूनही दोनच कप होत राहिले. दुसरा कप ओतून टाकायला हात धजेना म्हणून त्याच प्यायच्या. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. उलट जरा हसल्या, साखर आठवून असेल.

खिडकीशी गर्दी होती. आमच्यामागे सहा-सात माणसं, त्यातल्या दोघांच्या हातात कोऱ्या पाट्या. आवटींनी पाटी टेबलावर उभी केली, वही उघडली आणि म्हणाले, "घ्या, आक्का. सावकाश घ्या."

वहिनींनी पिशवीची घडी केली. चष्मा काढला. आणि म्हणाल्या,

"सहाला उठून दोन कप चहा,
आठवड्यातून एकदा वाडीचा रस्ता पाहा..."

दर रविवारी दोघं नरसोबाच्या वाडीला जायचे, त्या हळूबाई गाडीतून. पाटीवर काहीतरी फिकट दिसायला लागलं. पाण्याखालच्या अक्षरांसारखं, वाचता येईना. मी मान पुढे केली. वहिनींनी पाटीकडे बघितलंच नाही.

"ज्या हातानं झाकलं, तोच जोडते दारात..."

आणि इथे त्या थांबल्या. रांग थांबली. मागच्या माणसानं खिशातलं काहीतरी काढता काढता तसंच ठेवलं. आवटींनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता आवाज पुन्हा पदरात जाणार आणि गाडी भंगारात.

"अरविंदरावांचं नाव घेते," वहिनी म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानं, शेजारच्या लायसनच्या खिडकीतल्या माणसानंही मान वर केली इतक्या मोठ्यानं, "आरटीओच्या आवारात."

पाटीवर ठळक काळे आकडे होते. सहा, दोन, आठ, एक.

माझ्या हातातल्या फोनवर समीना म्हणाली, "काका, मागं आलं. बासष्ट एक्याऐंशी." रांगेतल्या एकानं शंका काढली की आठवड्यातला आठ आणि एकदातला एक नियमात बसतो का. आवटी म्हणाले, पाटीनं धरलाय, आपण कोण? मग त्यांनी वहीत तारीख घातली, 'घेतले, आले' असं लिहिलं, शिक्का मारला आणि पाटी फडक्यानं पुसून वहिनींच्या हातात दिली. गाडी समीनाची झाली.

वहिनींनी पाटी पिशवीत घातली. पण खिडकीसमोरून हलल्या नाहीत.

"साहेब," त्यांनी विचारलं, "आणखी एकदा घेतलं तर चालेल?"

आवटींनी पुस्तक उघडलं. नियम वाचला, मागचं पान वाचलं, शेवटचं परिशिष्टसुद्धा बोट फिरवत बघितलं. मागे सहा-सात माणसं उभी होती आणि जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं राहिली होती.

"किती वेळा घ्यावं, ह्याला मर्यादा दिलेली नाही," ते म्हणाले.

वहिनींनी पुन्हा नाव घेतलं. नंबर तर आधीच आलेला होता, त्यामुळे कुठेच काही झालं नाही. तरी सगळ्यांनी थांबून ऐकलं.